वाचकांचे प्रश्न: ओकच्या पिंपात मुरलेली पांढरी रिओहा आणि वियुरा द्राक्ष

रिओहा म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर रेड वाइन येते, आणि त्यात चूक काही नाही. उत्तर स्पेनमध्ये एब्रो नदीच्या खोऱ्यात पसरलेल्या या प्रदेशात लाल द्राक्षांचेच राज्य आहे. पण तिथे एक पांढरी वाइनही होते. ती वियुरा नावाच्या द्राक्षापासून करतात आणि ओकच्या पिंपात मुरवतात, प्रसंगी दहा-वीस वर्षेसुद्धा. गेल्या अंकात तिचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

व्हाइट वाइन ताजी आणि थंडगार प्यायची असते, असे सगळीकडे सांगतात. मग रिओहातले लोक ती लाकडात का ठेवतात? व्हॅनिलाचा वास यावा म्हणून?

व्हॅनिला हा त्यातला सर्वांत वरवरचा भाग. पिंपाचे खरे काम हवेचे आहे. फळ्यांच्या सांध्यांतून, बुचाच्या तोंडातून आणि लाकडाच्या छिद्रांतून अगदी थोडा ऑक्सिजन आत झिरपत राहतो. स्टीलच्या टाकीत हे घडत नाही. या संथ हवेने वाइनचा फळांचा ताजा वास मागे पडतो आणि त्या जागी सुका मेवा, मध, मेण, वाळवलेल्या फुलांसारखे वास येतात. पोत भरदार होतो.

आता हे सगळ्या द्राक्षांना मानवत नाही. स्पेनमधल्याच रुएदा भागातल्या वर्देखो द्राक्षाचा रस हवा लागताच तपकिरी पडू लागतो, म्हणून तिथे तोडणी रात्रीच्या गारव्यात करतात. वियुराचे उलट आहे. तिचा रस हवेला बऱ्यापैकी दाद देत नाही. शिवाय तिचा स्वतःचा वास फार बोलका नाही. थोडे सफरचंद, थोडे लिंबाचे साल, थोडी बडीशेप, एवढेच. तरुण वयात ही तिची उणीव वाटते, पण पिंपात तीच कामी येते. हवा आणि काळ यांना लिहायला कोरा कागद मिळतो.

पद्धत आली बोर्दोहून. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या बागा आधी भुरीने आणि मग फिलॉक्सेरा या वेलीची मुळे खाणाऱ्या किडीने उद्ध्वस्त केल्या, तेव्हा तिथले व्यापारी वाइन शोधत रिओहात उतरले. त्यांच्याबरोबर २२५ लिटरचे पिंपही आले. (एका पिंपात ७५० मिलिलिटरच्या ३०० बाटल्या भरतात.) लाकूड मात्र रिओहाने अमेरिकेचे पसंत केले. फ्रेंच ओक धाग्याच्या दिशेने चिरूनच फळ्या काढाव्या लागतात, करवतीने आडवातिडवा कापला तर पिंप गळते. अमेरिकन ओकच्या नळ्या आतून बुजलेल्या असतात, त्यामुळे तो करवतून कापता येतो आणि ओंडका कमी वाया जातो. त्यात ओक लॅक्टोन हे द्रव्य जास्त असते. जुन्या धाटणीच्या रिओहात नारळासारखा वास येतो, तो याचाच.

नवे पिंप पहिल्या भरणीत सर्वांत जास्त वास सोडते. तिसऱ्या-चौथ्या भरणीनंतर फारसे काही देत नाही, पण हवा आत घ्यायचे काम चालूच असते. दीर्घकाळ मुरवणारे म्हणूनच जुनी पिंपे वापरतात. नव्या पिंपात सहा वर्षे ठेवलेली व्हाइट वाइन म्हणजे निव्वळ लाकडाचा काढा होईल.

वियुरा, माकाबेओ, मकाब्यू ही वेगवेगळी द्राक्षे आहेत का?

एकच. रिओहात वियुरा, कातालुन्यात माकाबेओ, फ्रान्सच्या रुसिय्योंमध्ये मकाब्यू. कावा या फेसाळ वाइनमध्ये शारेलो आणि पारेयादा यांच्या जोडीला हीच असते. कावासाठी ती लवकर तोडतात, कारण तिथे आम्ल हवे असते. पिंपासाठी आणखी पिकू देतात.

वेल म्हणून वियुरा कशी आहे? काय बिघडते?

तिचा डोळा उशिरा फुटतो, म्हणजे वसंतातल्या उशिराच्या हिमकडाक्यातून ती बहुधा सुटते. उत्पन्न भरघोस. फिलॉक्सेराने रिओहातल्या बागा गेल्यावर नव्याने लावताना माल्वासिया आणि गार्नाचा ब्लांका ही दुसरी पांढरी द्राक्षे मागे पडली आणि वियुरा पुढे आली, त्यामागे हे मोठे कारण होते.

बिघाडाच्या दोन मुख्य जागा. एक, कोवळ्या काड्या सरळ उभ्या वाढतात आणि ठिसूळ असतात, जोराच्या वाऱ्यात मोडतात. दोन, घड मोठा आणि गच्च भरलेला असतो. तोडणीच्या सुमारास पाऊस आला की आतल्या मण्यांना वारा लागत नाही आणि घडकूज आतून सुरू होते. वरून घड निरोगी दिसतो, फोडून पाहिल्यावर कळते. कुजका माल पिंपाच्या वाइनला अजिबात चालत नाही, कारण बुरशीच्या विकरांमुळे रस भराभर ऑक्सिडाइझ होतो आणि वियुराचा तो जन्मजात गुण फुकट जातो.

उत्पन्नाला लगाम हाही कळीचा मुद्दा. रिओहाच्या नियमांत पांढऱ्या द्राक्षांची मर्यादा हेक्टरी ९,००० किलो आहे, लाल द्राक्षांची ६,५०० किलो. मर्यादेपर्यंत ताणलेल्या वियुराची वाइन पाणचट होते, आणि पाणचट वाइनला कितीही भारी पिंप दिले तरी लाकूडच बोलते. चांगली पिंपातली वाइन बहुधा जुन्या, आधाराशिवाय झुडपासारख्या वाढवलेल्या वेलींपासून होते. त्यांचे उत्पन्न आपोआपच कमी असते.

पिंपात आंबवलेली आणि पिंपात मुरवलेली, यात फरक काय? करतात कसे, तेही सांगा.

फरक मोठा आहे आणि थोडा उफराटा आहे. रस पिंपातच आंबवला तर वाइन कमी लाकडी आणि रंगाने फिकी होते. स्टीलमध्ये आंबवून नंतर पिंपात भरली तर जास्त लाकडी होते. कारण आंबवताना पिंपात यीस्ट असते. ते लाकडातून आलेले टॅनिन आणि रंगद्रव्ये स्वतःवर ओढून घेते आणि तळाशी बसते. व्हॅनिलाच्या वासाच्या द्रव्याचेही ते काही अंशी सौम्य वासाच्या द्रव्यात रूपांतर करते. स्वच्छ गाळलेल्या वाइनला हा आडोसा नसतो.

पिंपात आंबवण्याचा साधारण क्रम असा. घड हलक्या दाबाने पिळतात. रस १० ते १२ अंश सेल्सिअसला १२ ते २४ तास ठेवून जड गाळ खाली बसू देतात आणि वरचा रस नितारून घेतात. इथे अतिशहाणपणा नडतो. रस फार नितळ केला तर यीस्टला पोषण कमी पडून आंबणे मध्येच अडते, फार गढूळ ठेवला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. रसात लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखरेपासून १ टक्का अल्कोहोल होते. १२.५ टक्क्यांची वाइन हवी तर साखर २१० ग्रॅमच्या आसपास हवी.

पिंप काठोकाठ भरत नाहीत. २२५ लिटरच्या पिंपात १९० ते २०० लिटर, म्हणजे फेसाला जागा राहते. पिंप लहान असल्याने उष्णता बाजूंनी निघून जाते, तरी तापमान २० ते २५ अंशांपर्यंत चढते. स्टीलच्या टाकीत ते १५-१६ वर धरून ठेवतात. म्हणूनच पिंपातल्या वाइनमध्ये ताज्या फळांचे उडते वास कमी असतात. आंबणे संपले की पिंप तोंडापर्यंत भरायचे. हे लांबवले तर रिकाम्या जागेतल्या हवेवर व्हिनेगरचे जिवाणू वाढतात.

मग गाळ ढवळणे. पहिले दोन महिने आठवड्यातून एक-दोनदा काठीने तळाचे यीस्ट उठवतात, नंतर पंधरवड्याने. मेलेल्या यीस्टमधून निघणारी द्रव्ये वाइनला साय आल्यासारखा मऊपणा देतात, आणि यीस्ट ऑक्सिजनही खाते, त्यामुळे वाइन राखली जाते. ढवळलेच नाही तर गाळाच्या थराखाली अंड्याचा वास धरतो. अति ढवळले तर वाइन जडशीळ होते. वियुराचे आम्ल मध्यमच असते, तेव्हा तिला जडपणा लवकर झोंबतो. याच कारणाने अनेक वाइनकार तिचे मॅलोलॅक्टिक आंबणे (जिवाणूंनी मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्ल करणे) होऊ देत नाहीत, असलेले मॅलिक आम्ल जपतात.

दीर्घ मुरवणीत कामे कमी पण वर्षानुवर्षे करायची. दर एक-दोन आठवड्यांनी पिंपाची तूट भरणे. वर्षाकाठी २ ते ५ टक्के वाइन उडून जाते, कोरड्या तळघरात जास्त. गाळ साचला की वाइन दुसऱ्या पिंपात नितारणे. आणि सल्फर डायऑक्साइडवर नजर. इथे आकडा एकटा पाहून उपयोग नाही, पीएचशी जोडून पाहावा लागतो (पीएच जितका जास्त, तितके आम्ल कमी). वाइन राखायला मुक्त सल्फर पीएच ३.२ ला लिटरमागे सुमारे २१ मिलिग्रॅम पुरते, ३.४ ला ३२ लागते आणि ३.५ ला ४०. उष्ण वर्षी आम्ल घसरलेली वियुरा पिंपात का टिकत नाही, याचे उत्तर या तीन आकड्यांत आहे.

लेबलवर क्रियान्सा, रेसेर्वा, ग्रान रेसेर्वा लिहिलेले असते. यातून पिंपातले महिने कळतात का?

किमान महिने कळतात, खरे महिने नाहीत. हे मुरवणीचे दर्जे आहेत. रिओहातल्या व्हाइट वाइनसाठी या तिन्हींत पिंपातली किमान मुदत तीच आहे: ६ महिने. एकूण मुदत रेसेर्वाला २ वर्षे, ग्रान रेसेर्वाला ४ वर्षे. बाकीचा काळ बाटलीत गेला तरी चालतो. लाल वाइनचे नियम याहून कडक आहेत. तेव्हा लालच्या हिशेबाने पांढरीचे लेबल वाचू नका.

मागच्या लेबलवर नियामक मंडळाची पट्टी असते. क्रियान्सा लाल, रेसेर्वा गडद मरून, ग्रान रेसेर्वा निळी, बाकी साऱ्या हिरव्या. हिरवी म्हणजे हलकी, असे समजणे ही नेहमीची फसगत. पिंपात आंबवलेली, जीव ओतून केलेली वाइनसुद्धा हिरव्या पट्टीखाली निघते, कारण वाइनकाराने ठरावीक मुदतीची कटकट नको म्हटलेले असते. अशा बाटलीवर ‘फेर्मेंतादो एन बार्रिका’ म्हणजे ‘पिंपात आंबवलेली’ हे शब्द शोधा. ‘सोब्रे लियास’ म्हणजे ‘गाळावर ठेवलेली’. ओकचे तुकडे टाकून वास आणलेल्या वाइनवर पिंपाचा दावा करायला युरोपीय संघाच्या नियमांत मनाई आहे.

नियमांच्या पुढे किती जाता येते, त्याची दोन उदाहरणे. आरो गावातल्या लोपेझ दे एरेदिया या वाइनरीची व्हिन्या तोन्दोनिया ब्लांको रेसेर्वा. वियुरा आणि थोडी माल्वासिया, पिंपात सुमारे सहा वर्षे. पिंपे ते स्वतःच्या कारखान्यात बनवतात. दुसरे, मार्केस दे मुरिएताची कास्तियो ईगाय ब्लांको ग्रान रेसेर्वा एस्पेसियाल १९८६. जवळजवळ सगळी वियुरा. अमेरिकन ओकमध्ये २१ वर्षे, त्यानंतर ६७ महिने सिमेंटच्या टाकीत, आणि विक्रीला आली २०१६ मध्ये. सिमेंटची टाकी कशाला? एकवीस वर्षांनी लाकडाकडून घेण्यासारखे काही उरत नाही आणि पिंपात ठेवणे म्हणजे फक्त वाइन उडवणे. तरी सावकाश स्थिरावायला वेळ हवा असतो.

बाटली उघडली तर रंग गडद सोनेरी आणि वास अक्रोडासारखा. खराब झाली का?

रंगावरून निकाल देऊ नका. दहा वर्षांची पिंपातली वियुरा सोनेरीच असणार. निकाल नाकाने आणि जिभेने. मेवा, मध, मेण, सुकी जर्दाळू हे वास आणि त्यांच्यामागे जिभेवर आम्लाची धार, तर वाइन ठणठणीत आहे. कापून ठेवलेल्या काळपट सफरचंदाचा एकच एक वास आणि चव मध्येच तुटते, तर हवा जास्त लागली आहे. हे बहुधा बूच आखडल्यामुळे किंवा गरम जागी ठेवल्यामुळे होते. नखपॉलिशच्या द्रावकासारखा झणका म्हणजे व्हिनेगरच्या जिवाणूंची करामत. किंचित असेल तर जुन्या धाटणीत तो खपवून घेतात, तोंड चरचरले तर नाही. ओल्या पुठ्ठ्याचा, दमट तळघराचा वास म्हणजे टीसीए, बुचातून वाइनमध्ये उतरणारे एक रसायन. ते हवेवर ठेवून जात नाही, बाटली परत करा.

एक सवलत मात्र द्या. वर्षानुवर्षे बंद असलेली वाइन पहिल्या दहा मिनिटांत कोंदट वाटू शकते. अर्धा-एक तास मोठ्या तोंडाच्या भांड्यात ओतून ठेवा, मग ठरवा.

तळाशी साखरेसारखे खडे दिसतात.

पोटॅशियम बायटार्ट्रेट. द्राक्षातले टार्टारिक आम्ल (चिंचेत असते तेच) पोटॅशियमशी जुळून थंडीत खाली बसते. निरुपद्रवी आहे. बाटली अर्धा दिवस उभी ठेवा आणि शेवटचे दोन घोट बाटलीतच राहू द्या.

वाइन शाकाहारी असते का? अंडे वापरतात असे वाचले.

द्राक्ष आणि यीस्ट एवढेच असते तर प्रश्नच नव्हता. वाइन नितळ करताना काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक, दुधातले केसिन किंवा माशाच्या फुग्यापासून केलेले आयसिंग्लास घालतात. ते गढूळपणा पकडून तळाशी बसते आणि काढून टाकतात, पण वापर झालेला असतो. युरोपीय संघात अंडे आणि दूध यांचा अंश अंतिम वाइनमध्ये सापडत असेल तर लेबलवर सांगणे २०१२ पासून बंधनकारक आहे. अंश सापडत नसेल तर, आणि आयसिंग्लासच्या बाबतीत एरवीही, ते लिहावे लागत नाही. तेव्हा लेबल कोरे आहे म्हणून शाकाहारी ठरत नाही. ‘व्हेगन’ असे स्पष्ट छापलेली बाटली घ्यावी किंवा उत्पादकाला विचारावे. प्रथिनांचा गढूळपणा काढायला वापरतात ती बेंटोनाइट ही माती आहे, तिची हरकत नसावी.

फक्त वियुराच असते की मिसळतातही?

मिसळतात. माल्वासिया सुगंध आणि घट्टपणा देते, गार्नाचा ब्लांका अल्कोहोल आणि भरदारपणा. रिओहातली ही माल्वासिया म्हणजे भूमध्य समुद्राकाठी प्रसिद्ध असलेल्या माल्वासिया नव्हेत. ती स्पेनमध्येच इतरत्र आलारिखे नावाने ओळखली जाते. २००७ मध्ये यादी वाढली. तेम्प्रानियो ब्लांको, मातुराना ब्लांका, तुरुन्तेस या स्थानिक वाणांबरोबर शार्दोने, सोव्हिन्यों ब्लां आणि वर्देखो यांना परवानगी मिळाली, पण या शेवटच्या तिघांना वाइनमध्ये वरचढ होता येत नाही, असा नियम आहे. तेम्प्रानियो ब्लांकोची गोष्ट मजेची. १९८८ मध्ये मुरियो दे रियो लेसा इथे लाल तेम्प्रानियोच्या एका वेलीवर एक फांदी पांढरे घड धरताना दिसली, आणि सगळ्या बागा त्या फांदीच्या काड्यांपासून आल्या. वाण छान आहे, सुगंधी आहे. दीर्घ मुरवणीत वियुराची जागा तो घेईल असे मात्र आम्हाला आज वाटत नाही.

किती थंड करायची, कशाबरोबर प्यायची, उघडल्यावर किती टिकते?

फ्रिजमधून काढून थेट ओतलेली, पाच-सहा अंशांची पिंपातली वाइन म्हणजे पैसे वाया. थंडीत वास दबतो आणि लाकडाचे टॅनिन कडू लागते. पिंपात आंबवलेली तरुण वाइन १० ते १२ अंश, जुनी रेसेर्वा आणि ग्रान रेसेर्वा १२ ते १४. फ्रिजमधून काढून वीस-पंचवीस मिनिटे बाहेर ठेवली की जमते. ग्लास पोट असलेला घ्या, अरुंद नको.

रिओहा आणि शेजारच्या भागात ती ऑलिव्ह तेलात शिजवून घट्ट केलेल्या रसातल्या सुकवलेल्या कॉड माशाबरोबर, भाजलेल्या मशरूमबरोबर आणि इदियासाबाल या मेंढीच्या दुधाच्या चीजबरोबर घेतात. नुसते भाजलेले बदामही पुरतात. व्हिनेगर घातलेले सॅलड टाळा, त्याने वाइनचे आम्ल बसून जाते आणि लाकूड वर येते.

उघडलेली तरुण बाटली बूच लावून फ्रिजमध्ये तीन दिवस. दीर्घकाळ मुरलेली वाइन हवेला सरावलेली असते, ती चार-पाच दिवसही तग धरते, आणि कित्येकदा दुसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा बरी लागते. न उघडलेली आडवी ठेवा, १२ ते १४ अंशांत, अंधारात, बूच ओले राहील अशी. पिंपात आंबवलेली हिरव्या पट्टीची बाटली बहुधा पाच-सात वर्षांत संपवावी. ग्रान रेसेर्वाला घाई नाही, पण वीस वर्षांच्या बाटलीचे बूच साध्या स्क्रूने ओढू नका. मधोमध तुटते आणि भुगा आत पडतो. दोन पात्यांचे साधन बुचाच्या दोन्ही बाजूंनी हळूहळू सरकवा आणि फिरवत वर काढा.